रिकाम्या स्पूलची गोष्ट: १२०, ६२० आणि मधले दोन मिलिमीटर

#थ्रेड #इतिहास #म

१/
जुन्या कॅमेऱ्यांच्या जगात एक विलक्षण अडचण आहे. भिंग स्वच्छ असते, शटर चालते, भात्याला एकही छिद्र नसते. त्याच रुंदीची, त्याच लांबीची ताजी फिल्म आजही बाजारात मिळते. तरीही कॅमेरा निरुपयोगी ठरतो, कारण ती फिल्म ज्यावर गुंडाळलेली येते तो स्पूल कॅमेऱ्याच्या खणात बसत नाही. १२० आणि ६२० या दोन आकड्यांमधल्या जेमतेम दोन मिलिमीटरच्या फरकाचा, आणि त्या फरकाने मुक्या केलेल्या असंख्य कॅमेऱ्यांचा हा इतिहास.

२/
प्रथम स्पूल म्हणजे काय ते पाहू या. शिवणाच्या दोऱ्याचे रीळ डोळ्यांसमोर आणावे: मधे दांडा, दोन्ही टोकांना गोल चकत्या. दांड्यात एक चीर असते आणि तिच्यात काळ्या कागदाचे टोक अडकवायचे असते. फिल्म त्या कागदाच्या पाठबळावर गुंडाळलेली असते. ३५ मिलिमीटरच्या फिल्मला असते तशी डबी येथे नाही. उजेडापासून फिल्मचे रक्षण करतात तो काळा कागद आणि त्याच्या कडांना घट्ट भिडलेल्या त्या दोन चकत्या. चकती वाकली की कडेने उजेड शिरला आणि चित्र गेलेच.

३/
कॅमेऱ्यात दोन खण असतात. भरलेला स्पूल एका खणात, रिकामा दुसऱ्या खणात. प्रत्येक छायाचित्रानंतर फिल्म थोडी पुढे सरकते आणि रिकाम्या स्पूलवर गुंडाळली जाते. रोल संपला की भरलेला स्पूल धुलाईला जातो आणि मागे एक रिकामा उरतो. तोच उचलून समोरच्या खणात ठेवायचा, म्हणजे पुढच्या रोलला आधार तयार. थोडक्यात, प्रत्येक रोल आपल्या मागून येणाऱ्यासाठी एक स्पूल ठेवून जातो. ही साखळी एकदा तुटली की पुढची सारी कथा सुरू होते.

४/
ही रचना काही पहिल्या दिवसापासून नव्हती. जॉर्ज ईस्टमनचा पहिला ‘कोडॅक’ कॅमेरा १८८८ साली आला. किंमत २५ डॉलर, आत १०० छायाचित्रांची फिल्म कारखान्यातच भरलेली. फिल्म संपली की अख्खा कॅमेरा रॉचेस्टरला पाठवायचा. कारखाना चित्रे धुऊन, छापून, नवी फिल्म भरून कॅमेरा परत करी आणि त्याचे १० डॉलर घेई. फिल्म काढणे आणि घालणे अंधारखोलीतच शक्य असल्याने सामान्य माणसाच्या हाती ते काम देण्याची सोय नव्हती.

५/
ती सोय केली बॉस्टनच्या सॅम्युएल टर्नरने. फिल्मच्या पाठीला काळा कागद लावावा, त्यावर क्रमांक छापावेत आणि कॅमेऱ्याच्या पाठीला एक छोटी लाल खिडकी ठेवावी, अशी त्याची योजना होती. कागदामुळे फिल्म दिवसाउजेडी भरता येऊ लागली आणि खिडकीतून दिसणाऱ्या आकड्यामुळे ती किती सरकवायची ते कळू लागले. कल्पनेचे मोल ईस्टमनने अचूक ओळखले आणि १८९५ साली टर्नरची कंपनीच विकत घेतली. आज दुकानात मिळणारी १२० ची फिल्म याच कल्पनेची थेट वंशज आहे.

६/
१९०० साली एक डॉलर किमतीचा ‘ब्राउनी’ आला. पुठ्ठ्याची पेटी आणि साधे भिंग, एवढेच त्याचे वैभव; पण छायाचित्रण शाळकरी मुलांच्या हाती गेले ते त्याच्यामुळे. पुढच्याच वर्षी, १९०१ मध्ये, ‘नंबर २ ब्राउनी’ आला आणि त्याच्यासाठी एक नवी फिल्म काढण्यात आली. सव्वादोन इंच रुंद आणि सव्वातीन इंच लांब चौकटीची. तीच पुढे १२० म्हणून ओळखली गेली. दोन डॉलरच्या पेटीसाठी जन्मलेली ही फिल्म सव्वाशे वर्षे टिकेल, असे त्या वेळी कोणी भाकीत केले असते तर ते हास्यास्पद ठरले असते.

७/
१२० हे माप नव्हे. फिल्मची रुंदी, लांबी, वजन यांपैकी कशाशीही या आकड्याचा संबंध नाही. आरंभी फिल्म कॅमेऱ्याच्या नावाने विकली जाई. कॅमेऱ्यांचे प्रकार इतके वाढले की ग्राहक आणि दुकानदार दोघेही गोंधळू लागले. तेव्हा १९१३ च्या सुमारास कोडॅकने आपल्या रोल फिल्मना १०१ पासून ओळीने क्रमांक दिले. वर्गातल्या हजेरीपटासारखेच ते क्रमांक होते. त्या पटावर १०५, ११६, ११७, १२०, १२७ अशी बरीच मुले होती. आज त्यांतले एकच रोज हजेरी लावते.

८/
गोंधळाचे बीज या पटावरच पेरले गेले होते. १०५, ११७ आणि १२० या तिन्हींत फिल्मची रुंदी एकच, स्पूल मात्र वेगळे. पहिल्या ब्राउनीची ११७ ही अरुंद चकतीच्या स्पूलवर येई. जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथील फ्रांके आणि हायडेके या कारखान्याने १९२९ साली आपला विख्यात ‘रोलायफ्लेक्स’ बाजारात आणला, तो याच ११७ साठी. लहान चकती म्हणजे लहान खण आणि लहान खण म्हणजे आटोपशीर कॅमेरा, हा हिशेब त्यात होता.

९/
पण ११७ वर सहाच चौकोनी चित्रे मिळत. १९३२ च्या नव्या रोलायफ्लेक्सने १२० स्वीकारली आणि एका रोलवर बारा चित्रे येऊ लागली. ११७ चे उत्पादन १९४९ मध्ये थांबले. पहिल्या रोलायफ्लेक्सचे मालक त्या वर्षी जिथे उभे होते, तिथेच पुढे ६२० वाल्यांना उभे राहायचे होते. काहींनी आपले कॅमेरे १२० साठी बदलून घेतले. ज्यांना ते जमले नाही त्यांचे कॅमेरे काचेच्या कपाटात गेले.

१०/
आता मुख्य पात्राचा प्रवेश. १९३० च्या दशकाच्या आरंभी कोडॅकने ६२० आणली. फिल्म तीच, पाठीचा कागद तोच, त्यावरच्या आकड्यांच्या जागाही त्याच. बदलला तो केवळ स्पूल. १२० चा दांडा मुळात लाकडाचा होता, त्यामुळे तो जाड ठेवणे भागच होते. ६२० चा स्पूल पूर्णपणे धातूचा: दांडा बारीक, चकत्या पातळ आणि व्यासाने सुमारे दोन मिलिमीटरने लहान, टोकाचे भोकही लहान. याच सुमारास ११६ लाही अशीच बारीक बहीण मिळाली, ती ६१६.

११/
या बदलाचे अधिकृत समर्थन तांत्रिक होते आणि ते खोटे नव्हते. स्पूल बारीक झाला की घडीचा कॅमेरा सडपातळ होतो, कोटाच्या खिशात अधिक सहज सरकतो. लाकडाच्या जागी पत्रा आला असताना जाड दांड्याचा आग्रह धरण्याचे कारणही उरले नव्हते. अभियंत्याच्या दृष्टीने पाहिले तर ६२० ही १२० ची सुधारित आवृत्तीच होती.

१२/
परंतु व्यापाराच्या दृष्टीने पाहणाऱ्यास दुसरेही काही दिसते. ६२० चा कॅमेरा घेणाऱ्याच्या यंत्रात १२० चा रोल बसत नाही. म्हणजे कॅमेरा एकदा विकला गेला की त्याची पुढची सगळी भूक ६२० च भागवणार. कोडॅकच्या बाजारसत्तेविषयी अमेरिकी सरकार आधीपासून साशंक होते. १९२१ मध्ये आणि पुन्हा १९५४ मध्ये न्यायालयीन तडजोडींनी कंपनीच्या फिल्मविक्रीवर बंधने आली. १९५४ च्या तडजोडीने तर रंगीत फिल्मच्या किमतीतच धुलाईचे पैसे आधी वसूल करण्याची प्रथा बंद पाडली.

१३/
म्हणून ६२० हा निव्वळ कट होता असे म्हणणे मात्र अन्यायाचे ठरेल. इतर कंपन्यांनीही ही फिल्म बनवली. आग्फा आणि अन्स्को १२० ला ‘बी २’ म्हणत आणि ६२० ला ‘पीबी २०’. आजही एखाद्या जुन्या कॅमेऱ्याच्या झाकणाआत ‘पीबी २०’ असे कोरलेले दिसते आणि नवा मालक बुचकळ्यात पडतो. ही नवी जात नसून ६२० चेच टोपणनाव आहे, एवढे ध्यानात ठेवले की पुष्कळ शोधाशोध वाचते.

१४/
पुढची वीस-पंचवीस वर्षे ६२० ची भरभराट झाली. १९४१ चा ‘मेडलिस्ट’ हा कोडॅकच्या सर्वोत्तम कॅमेऱ्यांपैकी एक. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाने तो वापरला. त्याचे एक्टार भिंग आजही नावाजले जाते. दुसऱ्या टोकाला घरगुती वापराचे स्वस्त कॅमेरे होते: ब्राउनी सिक्स-२०, ड्युओफ्लेक्स, १९४९ चा बेकेलाइटचा ब्राउनी हॉकआय. वाढदिवस, सहली, दारातली नवी सायकल, कुशीतले तान्हे मूल, अशी कुटुंबांची चित्रे ६२० वर उतरत गेली.

१५/
त्याच काळात १२० ने वेगळी वाट धरली. रोलायफ्लेक्स तिच्याकडे आधीच गेला होता. १९४८ साली स्वीडनचा हॅसलब्लाड आला, मागोमाग जपानचे यशिका आणि मामिया, सोव्हिएत रशियाचा लुबिटेल, चीनचा सीगल. देश वेगळे, राजवटी वेगळ्या, किमतीत जमीनअस्मानाचा फरक. स्पूल मात्र सर्वांचा एकच. कोडॅकने १२० सोडली असती तरी ती मेली नसती, कारण एव्हाना ती कोडॅकची राहिलीच नव्हती. ६२० चे भाग्य मात्र अखेरपर्यंत एकाच घराण्याशी बांधलेले राहिले.

१६/
महाराष्ट्राशी या कथेचा धागा जुळतो तो वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात. गांधीजींचे नातलग कनू गांधी यांना छायाचित्रणाची ओढ होती. आश्रमाकडे त्यासाठी पैसा नव्हता. घनश्यामदास बिर्ला यांनी १०० रुपये दिले आणि त्यातून रोलायफ्लेक्स व फिल्म आली. गांधीजींच्या अटी कडक होत्या: फ्लॅश वापरायचा नाही, कोणाला बसवून चित्र काढायचे नाही आणि खर्च आश्रमाचा नाही. एका रोलवर बारा चित्रे आणि पुढच्या रोलचे पैसे अनिश्चित. अशा परिस्थितीत त्यांनी टिपलेली ती दैनंदिनी आज राष्ट्राच्या स्मृतीचा भाग आहे.

१७/
दुसरा धागा होमाई व्यारावाला यांचा. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या या विद्यार्थिनीने गळ्यात रोलायफ्लेक्स अडकवून स्वातंत्र्याचे सोहळे आणि सत्तांतराचे क्षण टिपले. १९७० मध्ये त्यांनी कॅमेरा खाली ठेवला आणि उत्तरायुष्य वडोदऱ्यात काढले. १५ जानेवारी २०१२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर चारच दिवसांनी, १९ जानेवारीला, कोडॅकने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला. होमाईबाईंचा कॅमेरा ज्या १२० वर चाले ती फिल्म मात्र तेव्हाही बनत होती आणि आजही बनते.

१८/
वडोदऱ्याचे नाव आणखी एका कारणाने घ्यायला हवे. तेथील न्यू इंडिया इंडस्ट्रीजने आग्फाचा ‘क्लिक थ्री’ बनवला आणि मराठी मध्यमवर्गीय घरांत पुष्कळदा पहिला कॅमेरा म्हणून तोच आला. तो १२० वर चालतो. उटकमंडच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचे ‘इंदू’ रोलही त्यात जात. तो कारखाना आता बंद आहे. पण ‘क्लिक थ्री’त आज नवा रोल घालून चित्र काढता येते. त्याच माळ्यावर, त्याच ट्रंकेत, शेजारी पडलेल्या विलायती ब्राउनी सिक्स-२० मध्ये तो बसत नाही. दोघांचा धनी एक, वयाचे अंतरही फार नाही, आणि तरी एक जागा होतो, दुसरा नाही.

१९/
६२० चा अखेरचा दिवा १९९५ मध्ये मालवला. कोडॅकने त्याच वर्षी १२७ लाही निरोप दिला. ११६ आणि ६१६ त्याआधीच, १९८४ मध्ये, गेल्या होत्या. वास्तविक ६२० ची फिल्म संपलीच नव्हती, कारण १२० म्हणजे तीच फिल्म होती. बंद झाला तो चार पैशांचा पत्र्याचा स्पूल. साठ वर्षे जो धुलाईच्या दुकानांतून कचऱ्याच्या टोपलीत जात होता, तो एका दिवसात दुर्मीळ वस्तू बनला.

२०/
आता व्यवहाराकडे. आजोबांचा ६२० चा कॅमेरा हाती आलेल्या माणसासमोर तीन वाटा असतात. पहिली, १२० च्या प्लास्टिक स्पूलच्या चकत्या नखकातरीने वा पॉलिश-पेपरने कापून लहान करण्याची. काही कॅमेऱ्यांत हे चालते. परंतु दांडा जाडच राहतो, भोक मोठेच राहते, त्यामुळे चावी नीट पकडत नाही किंवा फिल्म ओढताना अडते. चकती जास्त कापली गेली तर कडेने उजेड शिरतो आणि प्लास्टिकचा भुगा कॅमेऱ्यात सांडतो तो वेगळाच. ब्राउनी हॉकआयसारख्या काही कॅमेऱ्यांत भरलेला १२० चा रोल तसाच बसतो; घेणारा स्पूल मात्र ६२० चाच हवा.

२१/
दुसरी वाट म्हणजे कॅमेराच बदलण्याची. मेडलिस्टसारख्या मोलाच्या कॅमेऱ्यांचे खण कातकामाने मोठे करून ते १२० साठी तयार केले जातात. काम कौशल्याचे आणि खर्चाचे, आणि एकदा कापलेला धातू परत येत नाही. स्वस्त पेटी-कॅमेऱ्यासाठी इतका खर्च कोणी करत नाही. म्हणूनच बहुतेक जण तिसरी वाट धरतात. ताजी १२० ची फिल्म अंधारात उलगडायची आणि जुन्या ६२० च्या स्पूलवर पुन्हा गुंडाळायची.

२२/
हे काम ऐकायला सोपे आहे. फिल्म कागदाला एकाच टोकाशी, आरंभाशी, चिकटपट्टीने जोडलेली असते. दुसरे टोक मोकळे. १२० च्या स्पूलवरून सरळ ६२० वर गुंडाळले तर रोल उलटा होतो, आरंभ आत आणि शेवट बाहेर. म्हणून आधी एका मधल्या स्पूलवर आणि तेथून ६२० वर, असे दोनदा गुंडाळावे लागते. पूर्ण अंधारात किंवा हात घालायच्या काळ्या पिशवीत, निव्वळ स्पर्शाच्या भरवशावर. दुसऱ्या फेरीत मोकळे टोक बोटाने चाचपून कागदाखाली नीट सरकवायचे असते. ते तिरपे गेले की सगळा रोल तिरपा.

२३/
आणि शेवटी येतो तो फुगवटा. फिल्म आणि कागद वेगळ्या ताणाने गुंडाळले गेल्याने चिकटपट्टीपाशी फिल्मची लहानशी कमान उभी राहते. ती तशीच दाबली तर फिल्मला घडी पडते. पट्टी अलगद सोडवावी, फिल्म सपाट बसू द्यावी आणि ती जिथे येईल तिथे पट्टी पुन्हा लावावी. हा सराव आधी एखाद्या वाया गेलेल्या रोलवर, उजेडात, डोळे उघडे ठेवून करणे शहाणपणाचे. मग डोळे मिटून. आणि तिसऱ्या वेळी अंधारात. नऊवारीच्या निऱ्या जशा हातालाच कळतात, तसे हे कामही शेवटी हातालाच कळते.

२४/
लाल खिडकीविषयी एक सूचना. तिचा रंग लाल ठेवण्यात आला कारण त्या काळच्या फिल्मला लाल उजेड जवळजवळ दिसतच नसे. आजची फिल्म सर्व रंगांना जागी असते. तेव्हा खिडकीवर काळी पट्टी लावून ठेवावी आणि फिल्म सरकवतानाच, तीही सावलीत, क्षणभर उघडावी. कागदावरचे आकडे मात्र शंभर वर्षांपूर्वीच्या खिडकीतही अचूक जागी येतात. दोन मिलिमीटरांनी तोडलेले नाते त्या आकड्यांनी जपून ठेवले आहे.

२५/
सर्वांत मोठे नुकसान मात्र याहून साध्या ठिकाणी होते. एवढी खटपट करून काढलेला रोल लॅबमध्ये जातो. तेथील कामगार सवयीने फिल्म काढून घेतो आणि स्पूल टोपलीत टाकतो. त्याचा दोष नाही. १२० चे रिकामे स्पूल तो रोज टाकतच असतो. पण ६२० ला रोज दोन स्पूल लागतात, एक देणारा आणि एक घेणारा. एक गेला की जोडी मोडली. म्हणून जाणकार रोलवर ठळक अक्षरांत लिहितात: ‘स्पूल परत द्यावा’. शेजारणीची वाटी रिकामी परत करू नये, अशी आपल्याकडे रीत आहे. येथे मात्र रिकामे परत करणे हाच शिष्टाचार आहे.

२६/
स्पूल मिळवायचे कोठून? जुन्या बाजारात मोडके पेटी-कॅमेरे पडलेले असतात. त्यांचे भिंग, शटर गेले तरी पोटातला स्पूल शाबूत असू शकतो. घेण्याआधी झाकण उघडून पाहावे. चकती वाकलेली नाही ना, चिरेपाशी गंज नाही ना, हे तपासावे. कोकणच्या आणि मुंबईच्या दमट हवेत पत्र्याचे स्पूल लवकर गंजतात आणि गंजाचा कण फिल्मवर ओरखडा काढतो. अलीकडे त्रिमितीय छपाईने केलेले नवे स्पूलही मिळतात. अमेरिकेत १२० ची फिल्म ६२० वर गुंडाळून विकणारेही आहेत. किंमत अर्थातच जास्त, कारण ते काम हातांनी होते.

२७/
झाकण उघडण्यापूर्वी मात्र एक काळजी घ्यावी. लाल खिडकीत एखादा आकडा दिसत असेल तर आत रोल आहे. तो कॅमेरा अंधारातच उघडावा. १९२४ साली एव्हरेस्टवर नाहीशा झालेल्या मॅलरी आणि अर्विन यांच्याजवळ सहकारी सॉमरवेलचा व्हेस्ट पॉकेट कोडॅक होता, असे मानले जाते. १९९९ मध्ये मॅलरीचा देह सापडला, कॅमेरा सापडला नाही. शतक उलटले तरी त्याचा शोध थांबत नाही तो आतल्या १२७ च्या एका रोलसाठी. माळ्यावरच्या ब्राउनीत शिखर नसेल. पण ज्यांचा एकही फोटो घरात उरला नाही अशी एखादी आजी असू शकेल.

२८/
आत रोल नसेल तर काय दिसते तेही नीट पाहावे. बहुधा एकच रिकामा स्पूल दिसतो. तो देणाऱ्या खणात असेल, तर अखेरचा रोल धुलाईला गेला आणि त्यानंतर कॅमेऱ्याला कोणी हात लावला नाही. तो घेणाऱ्या खणात असेल, तर कॅमेरा बंद करण्यापूर्वी कोणीतरी तो उचलून पलीकडे नेला होता, चिरेचे तोंड कागदासाठी वर करून ठेवले होते. त्या माणसाला पुढचा रोल भरायचा होता. तीस वर्षांपूर्वी, कदाचित पन्नास. स्पूल अजून तिथेच आहे आणि त्याला लागणारी फिल्म दुकानात मिळते. मधे आहे ती फक्त अंधारातली अर्ध्या तासाची गुंडाळणी.

(थ्रेड समाप्त)